समोरून डिपर मारून "पुढं कॅमेरा आहे" सांगावं की नाही?

पिकअपवाला
राम राम मंडळी. धागा काढायचं कारण असं की आमच्या इकडे मूर्तिजापूर-बडनेरा पट्ट्यात गाडीवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पिकअपवाले, इकोवाले, दूधवाले, दोनचार ट्रॅव्हल्सचे ड्रायव्हर असे सगळे. त्याच्यावर दिवसभर एकच चालते, "पुलाखाली इंटरसेप्टर (पोलिसांची वेग मोजणारी गाडी) उभी", "ढाब्यासमोर गन लावून बसलेत", "हलले, रस्ता मोकळा". मी पण टाकतो, सगळेच टाकतात. आता झालं असं की ग्रुपातल्याच एकानं लिहिलं, हे बंद करा, माझ्या भाच्याला याच रस्त्यावर गाडीनं उडवलं आणि तुम्ही लोक उडवणाऱ्यांना रस्ता मोकळा करून देऊन राह्यले. त्यावर जी जुंपली ती अजून चालूच आहे, दोघं तर ग्रुप सोडून गेले.

माझं मत विचाराल तर सांगावं. कॅमेरा कशासाठी लावला, लोकं हळू जावेत म्हणून ना, मग मी सांगितलं आणि माणूस हळू झाला तर काम झालं की, पोलिसांचंच काम फुकटात केलं. दंड गोळा करायचा हेतू असेल तर मग गोष्ट वेगळी. पण त्या माणसाचं बोलणं डोक्यातून जात नाही म्हणून इथं विचारतो. तुम्ही काय करता?

तर्रीपोहा
सांगावं. धागा बंद करा.

बंडूभाऊ_दर्यापूर
राजेहो याच्यात विचारायचं काय हाय? आमचे आजे-पंजे बंडी घेऊन बाजाराले जायचे तवाही समोरून येणारा सांगेच, पुढं नाल्याले पूर हाय, जाऊ नोका. सांगणं आपला धर्म हाय. कारले दोन हजाराचं चलान येते. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ले क्विंटलले ४,८९२ होता, थोही कोणाले भेटला थे जाऊ द्या, त्याच भावानं पाह्यलं तरी एका चलानात चाळीस किलो सोयाबीन गेलं. अन् काहून, तं रस्ता रिकामा, समोर चिटपाखरू नाई, अन् काटा शंभरच्या वर गेला म्हणून. झाडाच्या सावलीत गाडी लपवून बसते थे लोकं, शिकार करासाठी बसल्यासारखे. मंग आपुन सांगतलं तं आपुन गुन्हेगार?

तर्रीपोहा
@बंडूभाऊ +१. सावलीत बसते हे मात्र खरं. उन्हाळ्यात तर बाभळीची सावली जिथं तिथंच गन. अपघाताची जागा वगैरे काही नाही.

रातराणी_ड्रायव्हर
वाचतोय. रात्री लिहितो, आता झोपायची वेळ आहे.

फाट्यावरची_मास्तरीण
मी त्याच हायवेच्या एका फाट्यावरच्या शाळेत शिकवते, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहिते. पिकअपवाले दादा, तुम्ही म्हणता माणूस हळू झाला म्हणजे काम झालं. कुठं हळू झाला ते विचारा ना. इंटरसेप्टर उभी राहते आमच्या फाट्याच्या दीड-दोन किलोमीटर अलीकडे, तिथं रस्ता सरळ, मोकळा, गाव नाही की वस्ती नाही. तुमचा मेसेज वाचून किंवा डिपर बघून गाडीवाला तिथं ऐंशीवर येतो, पांढरी गाडी मागं पडली की पाय दाबतो, गेलेला वेळ भरून काढायचा असतो ना, आणि नेमका त्या भरात आमच्या फाट्यावर पोचतो. म्हणजे तुमच्या सांगण्यानं तो जिथं धोका नाही तिथं हळू गेला आणि जिथं पोरं आहेत तिथं आधीपेक्षा जोरात आला.

फाटा कसा आहे तेही सांगते. एसटी थांबते पलीकडच्या बाजूला, शाळा अलीकडे. दुभाजकाची झाडं लोकांनीच तुडवून तुडवून वाट केली आहे. पाचवीतल्या मुली आधी अर्धा रस्ता पळत ओलांडतात, मग त्या वाटेवर उभ्या राहतात, दप्तर पाठीवरून काढून पोटाशी धरतात, कारण मागून ट्रक गेला की हवेनं दप्तरासकट ओढल्या जातात असं त्याच मला सांगतात. मग दुसरा अर्धा. शंभरनं येणारी गाडी एका सेकंदात अठ्ठावीस मीटर येते, हे मी सातवीच्या वर्गात फळ्यावर करून घेतलंय. त्यांना ते गणित लगेच समजतं.

पिकअपवाला
ताई हे असं मी कधी पाह्यलं नव्हतं, म्हणजे फाटा रोज पाहतो पण मागं काय होते ते नाही. पण मग यात सांगणाऱ्याचा दोष की गाडी चुकीच्या जागी उभी करणाऱ्याचा?

फाट्यावरची_मास्तरीण
दोघांचा. वाटून घ्या.

निवांत_नाना
परिवहन खात्यात कारकुनी करून निवृत्त झालो, त्यामुळे थोडं नियमाचं बोलतो, कंटाळा आला तर पुढं जा.

तुम्ही सगळे असं धरून चालला आहात की सरकार कॅमेरा लपवतं आणि जनता तो उघडा पाडते. कायद्यात उलटं आहे. २०१९ ला मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात १३६ए हे कलम आलं, इलेक्ट्रॉनिक देखरेखीचं. त्याच्याखाली ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ए घातला. त्या नियमात स्पष्ट आहे की ज्या पट्ट्यावर कॅमेऱ्याची नजर आहे त्याच्या आधी ठळक दिसेल असा इशाऱ्याचा फलक लावायचा, या भागात देखरेख आहे असं लोकांना कळवायचं, वेगमर्यादेची पाटी पण लावायची. म्हणजे "सांगावं की नाही" याचं उत्तर केंद्र सरकारनंच देऊन ठेवलंय, सांगा, आणि आधी सांगा. कॅमेरे कुठं लावायचे तेही आहे, जास्त धोक्याचे आणि जास्त रहदारीचे पट्टे, राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवर, शिवाय दहा लाखांवरच्या शहरांतले आणि प्रदूषणाच्या यादीतल्या १३२ शहरांतले महत्त्वाचे चौक. आपल्याकडची नागपूर, अमरावती, अकोला, चंद्रपूर त्या यादीत आहेत. जास्त धोक्याचे पट्टे असं लिहिलंय, बाभळीची सावली नाही.

अजून एक. यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं, ते दर वर्षी नवं करावं लागतं. चलानासोबत गुन्हा आणि नंबर प्लेट दिसेल असा स्पष्ट फोटो, यंत्रानं मोजलेला वेग, तारीख-वेळ-जागा, कोणतं कलम मोडलं ते, हे सगळं द्यावं लागतं. नोटीस पंधरा दिवसांच्या आत धाडायची असं नियम सांगतो. लोकं एसएमएस आला की शिव्या देतात किंवा भरून मोकळे होतात, फोटो उघडून पाहणारा शंभरात एखादा.

आणि बंडूभाऊ, दंडाचं म्हणाल तर १८३ कलमात हलक्या गाडीला एक ते दोन हजार आणि मध्यम-जड गाडीला दोन ते चार हजार हे केंद्राच्या कायद्यातच आहे, तुमच्या दर्यापूरसाठी वेगळं काढलेलं नाही.

बंडूभाऊ_दर्यापूर
नानाजी थो बोर्ड कुठी हाय मंग? मले तं दिसला नाई बा. एक दिसला होता, त्याच्यावर पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं फ्लेक्स बांधेल होतं.

निवांत_नाना
हाच तर मुद्दा आहे. हा पट्टा बांधताना ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जून २०२२ ला गिनेसमध्ये नाव घातलं. पाट्यांना मात्र कोणाला घाई नाही.

पुण्यातला_वऱ्हाडी
मूळचा दारव्हा तालुक्यातला, आता पुण्यात. मला वाटतं आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधतोय. खांबावरचा कायमचा कॅमेरा वेगळा आणि आज इथं उद्या तिथं असणारी इंटरसेप्टर वेगळी. पहिल्याबद्दल सांगायला काहीच हरकत नसावी, तो जागेवरच आहे आणि नकाशाच्या ॲपमधली बाई पण सांगतेच, पुढे स्पीड कॅमेरा आहे म्हणून. फिरत्या गाडीचा सगळा जोर ती कुठं असेल ते माहीत नसण्यात आहे. कधीही कुठंही असू शकते म्हटल्यावर माणूस सगळीकडेच जरा दबून चालवतो. तुम्ही ग्रुपवर जागा टाकली की तो दबाव गेला. आता त्याला पक्कं माहीत की बाकीचा सगळा रस्ता मोकळा आहे. "हलले, रस्ता मोकळा" हा मेसेज तर मला सगळ्यात वाईट वाटतो, तो सरळ सरळ "आता पळवा" असाच आहे ना.

बाहेरच्या देशांत पण यावर घोळ आहेच. इंग्लंडमध्ये कॅमेरे मुद्दाम पिवळेधमक रंगवतात, लांबून दिसावेत म्हणून. जर्मनीत रेडिओवर गाण्यांच्या मधे सांगतात अमुक रस्त्यावर कॅमेरा आहे, पण गाडी चालवताना तेच सांगणारं ॲप लावलं तर ७५ युरो दंड, माझा चुलतभाऊ तिकडे आहे तो नेहमी यावर हसतो. फ्रान्सनं मधला रस्ता काढला, ॲपनं नेमका कॅमेरा दाखवायचा नाही, धोक्याचा पट्टा दाखवायचा, मोटरवेवर चार किलोमीटरचा, साध्या रस्त्यावर दोन, गावात तीनशे मीटर. म्हणजे गाडीवाला त्या अख्ख्या पट्ट्यात हळू जातो, खांबापुरता नाही. मास्तरीणबाईंच्या फाट्याला हे लागू पडेल बघा.

तर्रीपोहा
इंग्लंड जर्मनी ठेवा बाजूला, इथं दुभाजकावर ढोरं बसतात.

पुण्यातला_वऱ्हाडी
मग तर अजून हळू जायला पाहिजे 🙂

रातराणी_ड्रायव्हर
उठलो. नागपूर-पुणे लाइनवर आहे, जाताना समृद्धी, येताना पण समृद्धी. तुमचे डिपरवाले कायदे ऐकून हसू आलं. डिपरचा अर्थ काय ते तरी ठरलंय का? समोरच्यानं एकदा मारला तर तुझा हेडलाइट डोळ्यात जातोय. दोनदा मारला तर मामा. कोणी तिनदा मारते तर रोही (नीलगाय) रस्त्यावर उभा आहे. कोणी ओळखीचा असला तर नुसता राम राम. साध्या दोन पदरी रस्त्यावर, म्हणजे आपल्या कारंजा-दारव्हा अशा रस्त्यांवर, रात्री डिपर दिसला की नव्वद टक्के पोट्टे पहिले पोलीसच समजतात आणि काट्याकडे पाहतात, रस्त्याकडे नाही. मी स्वतः पाह्यलं, समोरच्या ट्रकवाल्यानं डिपर मारून मारून हात दुखवून घेतला, कारवाल्यानं बरोब्बर साठवर आणली आणि साठनेच उलट्या पडलेल्या कडब्याच्या ट्रॉलीत घातली. ट्रॉलीला मागं ना लाइट ना रेडियम. थोडक्यात वाचला. त्याला वाटलं साठ म्हणजे सेफ, कारण पावती साठच्या वर फाटते.

आता समृद्धीचं. तिथं कारला १२०, आम्हाला त्याच्यापेक्षा कमी, आणि आमच्या गाडीला गव्हर्नर, म्हणजे वेग अडवणारं यंत्र, आहे त्यामुळे आम्हाला कॅमेरा सांगा की नका सांगू, गाडी पळतच नाही. तिथला त्रास वेगळा, झोप. सरळ रस्ता, वळण नाही, चहाची टपरी नाही. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ ती बस पेटली, २५ जण गेले, रात्री दीडच्या सुमाराला, त्या लाइनवर चालणारा कोणीच ते विसरत नाही. त्याच्यानंतर आमच्याकडे ड्रायव्हरच ड्रायव्हरला फोन करते, "जागा हायेस ना बे". हे सांगणं मला कॅमेरा सांगण्यापेक्षा कामाचं वाटते. माझं एवढंच.

पिकअपवाला
@रातराणी भाऊ ट्रॉलीचं खरं आहे. कापसाच्या दिवसात तर एकेक बंडी अर्धा रस्ता अडवून चालते आणि मागं काहीच नाही. त्याचा मेसेज मात्र ग्रुपवर कोणीच टाकत नाही, मी पण नाही टाकला कधी.

सोयाबीन_शेट
सगळे गोड गोड बोलून राहिले म्हणून जरा कडू बोलतो. हे "लोकेशन" सांगायचे ग्रुप कोणासाठी चालतात हे विदर्भात सगळ्यांना माहीत आहे. आमच्या तालुक्यात नदीकाठच्या गावात असे ग्रुप आहेत की तहसीलदाराची गाडी बंगल्यावरून निघाली की पाच मिनिटात मेसेज, "साहेब निघाले", "डावीकडे वळले", "चहाला थांबले". चौकाचौकात पोट्टे बसवलेले असतात, त्यांना रोजी मिळते त्याची. रेतीचे टिप्पर बरोबर दुसऱ्या रस्त्यानं निघून जातात. आणि हेच टिप्पर रात्री बिननंबरचे, बिनालाइटचे गावातून सुसाट जातात. मधे एका पोलीसवाल्याशी बोलणं झालं, तो म्हणे आम्हाला वेगाचे ग्रुप आणि रेतीचे ग्रुप वेगळे ओळखूच येत नाहीत, मेंबर अर्धे तेच आहेत. पिकअपवाले भाऊ, तुमच्या ग्रुपात टिप्परवाले आहेत का, तपासा एकदा.

बंडूभाऊ_दर्यापूर
आता आपुन रेती चोर झालो का बे? कुठचं कुठी नेऊन राह्यला.

सोयाबीन_शेट
तुम्ही नाही हो. पण "आपला धर्म आहे सांगणं" म्हटलं की मग साहेबाची गाडी सांगणं पण धर्मच झाला. नाल्याला पूर आहे हे सांगणं आणि फौजदार कुठं उभा आहे हे सांगणं, यात काही फरक आहे की नाही तुमच्याकडे?

निवांत_नाना
शेटजींचा मुद्दा नेमका आहे. तहसीलदाराची पाळत ठेवणं हे सरकारी कामात अडथळ्याच्या अंगानं जातं, जुन्या भाषेत १८६, आता न्याय संहितेचं २२१. वेगाच्या कॅमेऱ्याचा मात्र फलकच लावायला नियम सांगतो. दोन्ही एका पारड्यात नका टाकू. आणि दारूच्या तपासणीची नाकाबंदी ही तिसरीच गोष्ट. पिऊन चालवणारा तुमचा मेसेज वाचून सुधारत नाही, तो फक्त वाट बदलतो, आणि वाट बदलतो म्हणजे हायवे सोडून गावातल्या पांदणीनं येतो.

पुण्यातला_वऱ्हाडी
नानांना +१००. फ्रान्सनं नंतर हेच केलं, २०२१ पासून पोलिसांना परवानगी आहे की दारू-नशेची तपासणी चालू असली तर त्या भागात ॲपवरचे इशारे दोन तासांपर्यंत बंद करायला लावायचे. वेगाचा इशारा चालतो, नाकाबंदीचा नाही. मला हा फरक पटतो.

तर्रीपोहा
अवांतर: मला काल मेसेज आला "तुमचे ट्रॅफिक चलान बाकी आहे", सोबत एक फाइल, एपीके. उघडायची का?

निवांत_नाना
अरे बाबा उघडू नको!! आधी डिलीट कर. खरं चलान कधीच एपीके फाइलनं येत नाही. गाडीचा नंबर टाकून महाट्रॅफिकच्या किंवा परिवहनच्या सरकारी साइटवर स्वतः जाऊन पाहायचं. या फाइलीनं लोकांची बँकेची खाती साफ झाली आहेत.

तर्रीपोहा
डिलीट केली. धन्यवाद नाना. माझ्याकडे तर गाडीच नाही, तरी मी पाच मिनिटं टेन्शनमध्ये होतो.

बंडूभाऊ_दर्यापूर
मले एक सांगा, चुकीच्या चलानाचं काय? माह्या मोटरसायकलवर नागपूरच्या एका चौकातलं चलान आलं. फोटो उघडला तं त्याच्यात ट्रॅक्टर! नंबरातला एक आकडा असा वाकडा लिहेल होता का मशीननं तीनचा आठ केला. ऑफिसात गेलो तं म्हणते ऑनलाइन तक्रार टाका, ऑनलाइन टाकली तं म्हणते ऑफिसात भेटा. म्हणून मी म्हणतो, मशीनवर भरोसा नाई तं माणसानं माणसाले सांगतलंच पायजे.

वकील_यवतमाळ
बंडूभाऊ, फोटो सेव्ह करा, आरसीची झेरॉक्स जोडा आणि लेखी अर्ज द्या, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. राष्ट्रीय लोक अदालतीत प्रलंबित ई-चलानं तडजोडीला ठेवतात, पण तुमचं चलान तडजोडीचं नाहीच, गाडीच तुमची नाही. नको तिथं अर्धे पैसे भरून हो म्हणू नका. उच्च-सुरक्षा (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लावून घ्या, २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती बंधनकारक केलीच आहे, त्यावर आकडे ठरल्या मापाचे असतात, तीनचा आठ होत नाही. ट्रॅक्टरवाल्यानं "दादा" लिहिलं असेल तर तो त्याचा प्रश्न.

पण तुमचा शेवटचा मुद्दा जुळत नाही. मशीन चुकलं हा तुमच्या सांगण्या-न सांगण्याशी संबंध नसलेला घोळ आहे. चौकात हळू गेला असता तरी ते चलान आलंच असतं, तुम्ही नागपुरात नव्हतातच.

बंडूभाऊ_दर्यापूर
वकिलाशी बोलणं म्हणजे आपलीच पावती फाडून घेणं.

पुण्यातला_वऱ्हाडी
मला अजून एक सुचतं. हा सगळा सांगण्या-लपवण्याचा खेळ एकाच जागी वेग मोजतो म्हणून चालतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा सुरू झाली, तिथं दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग पण काढता येतो. इथं नंबर टिपला, तिथं नंबर टिपला, मधलं अंतर भागिले वेळ. साठ किलोमीटर अर्ध्या तासात म्हणजे १२०, चोवीस मिनिटांत केलं तर १५०, कुठंही लपून बसायची गरज नाही. मग सांगा की खुशाल डिपर मारून, काय उपयोग? ब्रेक दाबून सरासरी कमी होत नाही, अख्खा रस्ता नीट चालवावा लागतो. समृद्धीवर तर चढता-उतरताना टोलवर वेळेची नोंद होतेच.

रातराणी_ड्रायव्हर
मग लोक उतरायच्या आधी गाडी साइडला लावून टाइमपास करतील, वेळ भरेपर्यंत. आपली जनता आहे ही.

पुण्यातला_वऱ्हाडी
करू द्या की, तेवढीच झोप काढतील.

फाट्यावरची_मास्तरीण
समृद्धी बंद रस्ता आहे हो, त्याला कुंपण आहे, तिथं शाळा नाही की एसटी थांबा नाही. आमच्या रस्त्यावर दर दोन-चार किलोमीटरवर एक गाव येऊन चिकटतं. तिथं काय करायचं ते बोला. मी मागं चौकशी केली होती, इथं कायमचा कॅमेरा किंवा निदान रम्बल (वेग कमी करायला लावणारे आडवे पट्टे) का होत नाही. उत्तर मिळालं की तुमचा फाटा ब्लॅक स्पॉटच्या यादीत नाही. यादीत यायचं तर साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात व्हायला हवेत किंवा दहा माणसं मरायला हवीत. आमच्याकडे तेवढी मेली नाहीत अजून. हे मी पालकसभेत कसं सांगू, तुम्हीच सांगा.

निवांत_नाना
ताई, हा निकष खरा आहे, पण तो रस्त्याची दुरुस्ती कुठं आधी करायची त्यासाठी आहे. कॅमेऱ्याच्या नियमात "जास्त धोक्याचा पट्टा" म्हटलंय, तिथं आधी मुडदे मोजा असं लिहिलेलं नाही. ज्यानं उत्तर दिलं त्यानं सोयीचं उत्तर दिलं. सुप्रीम कोर्टानं सुद्धा २०२४ मध्ये राज्यांना १३६ए नीट राबवा म्हणून बजावलंय. जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष, पोलीस, आरटीओ, बांधकाम, हायवेवाले सगळे एका टेबलाला असतात. ग्रामसभेचा ठराव घ्या, शाळा समितीचं पत्र जोडा आणि तिथं द्या. इंटरसेप्टर उभी करायची जागा बदला, हीसुद्धा मागणी त्यातच लिहा, त्याला तर एक रुपया लागत नाही.

सोयाबीन_शेट
आणि फलक मागा, मोठ्ठा. फाट्याच्या एक किलोमीटर आधी. "पुढे शाळा, वेग कॅमेऱ्यात मोजला जातो." मराठीत, आणि फ्लेक्स बांधता येणार नाही इतक्या उंच.

पिकअपवाला
सगळं वाचलं. माझं मत थोडं सरकलं, पण पूर्ण नाही. मी अजून म्हणतो की जागेवरच्या कॅमेऱ्याचं सांगण्यात काही वाईट नाही, नियमच सांगतो म्हटल्यावर. पण "हलले, रस्ता मोकळा" हे मी आजपासून टाकणार नाही आणि टाकू देणार नाही, ॲडमिन मीच आहे. नाकाबंदीचं पण बंद. ट्रॉली, रोही, पडलेलं झाड, फाट्यावर शाळा सुटायची वेळ, हे टाका म्हणून सांगतो. किती जण ऐकतील माहीत नाही. आणि शेटजी म्हणाले ते तपासलं, दोन टिप्परवाले निघाले, आमच्याच गावचे.

बंडूभाऊ_दर्यापूर
मी तं डिपर मारणार. मास्तरीणबाईच्या फाट्यापाशी दोन जास्त मारीन, चालते काय?

फाट्यावरची_मास्तरीण
तिथं डिपर नको भाऊ, ब्रेक मारा.

तर्रीपोहा
😂😂 बंडूभाऊची पावती फाटली.

वकील_यवतमाळ
ताई, अर्जाचा मसुदा मी लिहून देतो, फी नको. मला फाट्याचा किलोमीटर दगडाचा नंबर, शाळा भरायची-सुटायची वेळ, एसटीच्या फेऱ्या आणि ओलांडणाऱ्या मुलांचा अंदाजे आकडा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. एक दिवस सातवीच्या पोरांनाच मोजायला बसवा, रस्त्यापासून लांब बसवा. मोबाइलवर व्हिडिओ पण घ्या, नंबर प्लेटा नको, नुसता रस्ता ओलांडताना. लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण त्याच्या आधी खालच्या पातळीवर अर्ज दिल्याची पोच लागते, म्हणून तहसीलला या आठवड्यातच देऊन टाका. तोवर दुभाजकाच्या वाटेबद्दल हायवेच्या हेल्पलाइनला, १०३३ वर, फोन करून तक्रार नोंदवा आणि तक्रार नंबर लिहून ठेवा.

फाट्यावरची_मास्तरीण
१०३३ वर केला होता. ते म्हणाले वाट बुजवून टाकतो. वाट बुजवली तर मुली पुलाखालून दीड किलोमीटर चालत येणार आहेत का? म्हणून मीच नको म्हटलं.

वकील_यवतमाळ
मग अर्जात पहिली मागणी तीच, पादचारी पूल किंवा भुयारी वाट. कॅमेरा दुसऱ्या नंबरला. किलोमीटर दगडाचा फोटो आजच पाठवा.

पिकअपवाला
दगडाचा फोटो मी काढतो, सकाळी तिकडूनच जातो दूध घेऊन. ठरावाला सरपंच आमच्याच ग्रुपात आहे, त्याला मी धरतो.